उसाच्या राखेचे काँक्रीट

कराड तालुक्यातील रेठरे बुद्रुकचा कृष्णा आणि यशवंतनगरचा सह्याद्री या सहकारी साखर कारखान्यांत गाळप हंगाम सुरू झाला, की रस काढून उरलेला उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये इंधन म्हणून जाळला जातो आणि मागे राख उरते. या राखेत सिलिकाचे प्रमाण मोठे असल्याने काँक्रीटमधील काही सिमेंटची जागा ती घेऊ शकते, ही गोष्ट ऊसपट्ट्याने मनावर घ्यावी इतकी मोलाची आहे.

सिमेंटसाठी चुनखडीचे मिश्रण सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. त्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा निम्म्याहून अधिक वाटा इंधनाचा नसून खुद्द चुनखडीच्या विघटनाचा असतो, म्हणून इंधन बदलूनही तो टळत नाही. औष्णिक वीजकेंद्रांतील कोळशाची बारीक राख, म्हणजे फ्लाय ॲश, सिमेंटला पर्याय म्हणून केव्हाच रुळली आहे. फ्लाय ॲश मिसळलेल्या पीपीसी सिमेंटमध्ये भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के राखच असते.

सिमेंटमध्ये पाणी मिसळले, की बंधक द्रव्याबरोबर काही चुनाही मोकळा होतो आणि त्याचा मजबुतीला फारसा उपयोग नसतो. राखेतील सिलिका याच चुन्याशी संयोग पावून आणखी बंधक द्रव्य तयार करते व काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे बुजवते. पूर्वी चुन्यात मिसळल्या जाणाऱ्या विटांच्या भुकटीचे, म्हणजे सुरखीचे, कार्यही हेच होते.

मात्र ढिगातली राख उचलून थेट घमेल्यात टाकता येत नाही. तिच्यात अर्धवट जळालेले काळे तंतू असतात आणि ते पाणी शोषून घेतात, त्यामुळे ती चाळून बारीक दळावी लागते. बॉयलरचे तापमान फार चढले असेल, तर सिलिका स्फटिकरूप होऊन तिची क्रियाशीलताच घटते. नीट तयार केलेली राख सिमेंटच्या १० ते २० टक्के जागी वापरली, तरी मजबुती टिकते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. ही मजबुती सावकाश येत असल्याने पाणी मारण्यात हयगय चालत नाही : साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पुरतात, तर राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस लागतात.

आयएस ४५६ या २००० सालच्या मानकात भाताच्या तुसाच्या राखेचे नाव आहे, बगॅसच्या राखेचे नाही. म्हणूनच इमारतीच्या खांबांऐवजी फरसबंदीचे ब्लॉक आणि पदपथ यांपासून सुरुवात करणे आणि प्रत्येक कारखान्याची राख वेगळी असल्याने ती आधी तपासून घेणे योग्य ठरेल. १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय कराडातच असल्याने या तपासणीसाठी दूर जाण्याची गरज पडू नये.