बक्षिसाची पुस्तके आणि दुरंगी कागद

वार्षिक समारंभात मुलांच्या हाती पडणारे बक्षीस म्हणजे बहुधा एक लहानसे पुस्तक असते. ते उघडे दिले काय किंवा वेष्टनात दिले काय, आतील मजकुरात फरक पडत नाही हे खरे. परंतु व्यासपीठावरून आपल्या जागेकडे परतणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तो फरक मोठा असतो. पहिल्या क्रमांकाचे पुस्तक चकचकीत कागदात व उत्तेजनार्थ दिलेले वर्तमानपत्रात, असा प्रकार घडल्यास सभेतील प्रत्येक मूल तो भेद क्षणात ओळखते. सर्वांना सारखे वेष्टन मिळावे व ते शाळेच्या ऐपतीत बसावे, या दोन्ही दृष्टींनी दुरंगी कागद विचारात घेण्याजोगा आहे.

दुरंगी कागद म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंस निरनिराळा रंग किंवा नक्षी असते तो. अभ्यासाच्या बक्षिसांस निळी बाजू बाहेर ठेवावी, खेळांच्या बक्षिसांस पिवळी. ताव मात्र एकच. वेष्टनाकरिता नक्षीदार कागद वापरण्याची आजची चाल फार जुनी नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथील हॉल बंधूंच्या दुकानातील साधा पातळ कागद १९१७ च्या नाताळात संपला, तेव्हा त्यांनी लिफाफ्यांच्या आत अस्तर म्हणून लावावयाचा फ्रेंच कागद विक्रीस मांडला व तो हातोहात खपला. आत दडलेली शोभा बाहेर आली ती अशी.

आता मापाकडे वळू. समजा, पुस्तक १४ सेंटिमीटर रुंद, २१.५ सेंटिमीटर उंच व १.५ सेंटिमीटर जाड आहे. त्याचा आडवा घेर १४ व १.५ यांच्या बेरजेची दुप्पट, म्हणजे ३१ सेंटिमीटर होतो. एक कड दुसऱ्या कडेखाली जाण्यासाठी ३ व दुसरा रंग दाखविणाऱ्या पट्टीसाठी ३ मिळविले की ३७ झाले. उंचीच्या दिशेने दोन्ही टोकांस सव्वाचार-सव्वाचार सेंटिमीटर सोडले म्हणजे ३० पुरतात. ७० × ५० सेंटिमीटरच्या एका तावातून असे दोन तुकडे निघतात. उरलेल्या १३ सेंटिमीटरच्या पट्टीतून नावाच्या चिठ्ठ्या होतात. मोजमाप न करता कापणारा मनुष्य चोवीस पुस्तकांना चोवीस ताव लावतो, तेथे बारा पुरतात. चौथीच्या वर्गाकडून हा हिशेब प्रथम जुन्या वर्तमानपत्रावर करवून घ्यावा. परिमितीचे इतके सरळ उदाहरण क्रमिक पुस्तकातही सहसा सापडत नाही.

कापण्यापूर्वी कागदाच्या तंतूंची दिशा पाहावी. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहिला असता ज्या दिशेने तो कमी विरोध करतो, ती घडी तंतूंना समांतर असते. तशी घडी सरळ व स्वच्छ येते. उलट दिशेची घडी जाड कागदावर तडकते व रंगाखालचा पांढरा भाग डोकावू लागतो. दोन कागद चिकटवून केलेल्या दुरंगी तावात हा दोष विशेष दिसतो. म्हणून लांब घड्या शक्यतो तंतूंच्या दिशेने घ्याव्यात व नखाऐवजी पट्टीच्या कडेने दाबाव्यात.

बाहेर दिसावयाची बाजू वर ठेवून एका कडेची ३ सेंटिमीटर घडी वर मोडली की दुसऱ्या रंगाची पट्टी दिसू लागते. मग कागद उलटा करून पुस्तक दर्शनी बाजू वर ठेवून मधोमध मांडावे. साधी कड आधी आणावी व पट्टीची कड तिच्यावर. घडी उघडी असल्याने पट्टीत आपोआप एक खिसा होतो. नावाची चिठ्ठी त्यात सरकवली की पाहुण्यांना नाव वाचता येते आणि मुलाच्या पुस्तकावर डिंकाचा डाग पडत नाही. टोकांना दोन्ही बाजू आत दाबल्या म्हणजे निमुळती पट्टी उरते, ती पाठीमागे वळवून चिकटवावी. पेटीसारख्या जाड वस्तूच्या टोकास मात्र जाडीच्या पाऊणपट कागद सोडावा. वरची व खालची पट्टी मिळून दीडपट होते, त्यामुळे जाडी झाकून एकमेकींवर अर्धी चढते. याहून अधिक सोडल्यास टोकाशी नुसता फुगवटा येतो.

खळ घट्ट असावी व दोन-तीन ठिपक्यांपुरतीच लावावी. पातळ खळीने कागद सुरकुततो. भरपूर लावली की वेष्टन फाडल्यावाचून उघडत नाही. येथेच दुरंगी कागदाचा खरा लाभ आहे. न फाटता उघडलेला ३७ × ३० चा तुकडा त्याच पुस्तकाचे आवरण होतो: दोन्ही पुठ्ठे व पाठ मिळून २९.५ सेंटिमीटर लागतात, आत वळविण्यास प्रत्येक बाजूला पावणेचार सेंटिमीटर राहतात. जुन्या घड्यांच्या रेषा थोड्या दिसतील, परंतु तुकडा उलटून घेतल्याने न हाताळलेला नवा रंग वर येतो. त्याकरिता प्लास्टिकची झिलई असलेला किंवा चमकी लावलेला ताव घेऊ नये. त्यावर खळ धरत नाही व रद्दीत गेल्यावर त्याचा पुन्हा कागद होत नाही. विकत घेताना कोपरा मुठीत चुरगळून सोडावा. तो पुन्हा उलगडू लागला तर त्यावर प्लास्टिक आहे असे समजावे.