अंदाजपत्रकातील एक इंच

मृग नक्षत्र जवळ आले की बीड जिल्ह्यातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. माळवद गळते आहे. यंदा माती टाकून भागवायचे, पत्रे घालायचे की स्लॅबच टाकायचा? मग मिस्त्री येतो, वर एक नजर टाकतो आणि एक ठोक आकडा सांगतो. घरातील साठवलेले पैसे त्या आकड्यावर अवलंबून असतात. पण तो आला कोठून, हे सहसा कोणी विचारीत नाही. ते विचारणे तुम्हाला जमण्यासारखे आहे. त्यासाठी लागतो एक टेप, एक वही आणि आठवीचे गणित.

अंदाजपत्रक म्हणजे पैशांचा अंदाज, असे आपण समजतो. वास्तविक त्यात पैसे सर्वांत शेवटी येतात. आधी मोजमाप, मग परिमाण, नंतर दर. दर गावोगाव व महिन्यामहिन्याला बदलतात, परिमाण मात्र बदलत नाही.

समजा, २० फूट लांब व १५ फूट रुंद अशी एक खोली आहे. छताचे क्षेत्रफळ झाले ३०० चौरस फूट. त्यावर ५ इंच जाडीचा स्लॅब टाकला, तर काँक्रीट लागेल १२५ घनफूट, म्हणजे सुमारे साडेतीन घनमीटर. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी हे प्रमाण धरले, तर सुमारे २८ पोती सिमेंट, अर्धा ब्रास वाळू आणि एक ब्रासाहून थोडी अधिक खडी लागेल. (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट.) घनमीटरला ८० किलोग्रॅम सळई धरली, तर ती २८० किलोग्रॅम होईल. या प्रत्येक आकड्यापुढे आपल्या गावातील दर लिहा, गुणाकार करा, मजुरी व सेंट्रिंगचे भाडे मिळवा आणि अनपेक्षित खर्चासाठी शेकडा दहा ठेवा. झाले अंदाजपत्रक!

आता एक गंमत पाहा. लांबी मोजताना एका इंचाची चूक झाली, तर २४० इंचांत १ इंच, म्हणजे शेकडा ०.४ एवढाच फरक पडतो. पण जाडीत तीच चूक झाली तर? ५ इंचांत १ इंच म्हणजे शेकडा २०! सहा पोती सिमेंट जास्त लागेल आणि छताचे वजन पावणेदोन टनांनी वाढेल. प्रयोगशाळेत शिकलेला सापेक्ष त्रुटीचा नियम येथे थेट खिशाला लागतो. जे माप सर्वांत लहान, ते सर्वांत काळजीपूर्वक घ्यावे.

आपल्या भागात आणखी एक रकाना हवा, तो पाण्याचा. पोत्याला २५ लिटर धरले, तर २८ पोत्यांसाठी ७०० लिटर पाणी कालवण्यातच जाते. उष्ण, कोरड्या हवेत स्लॅब निदान दहा दिवस ओला ठेवावा लागतो, कारण सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक संयोग होऊन ते घट्ट होते. स्लॅबवर वाफे करून दोन इंच पाणी साठवले, तर ते १४०० लिटर होते. उन्हाने रोज एक सेंटिमीटर पाणी उडाले, असे धरले तर रोज २८० लिटर, म्हणजे दहा दिवसांत २८०० लिटर भर घालावी लागेल. एकूण जवळजवळ ५ हजार लिटर! टंचाईच्या महिन्यात हा टँकर हिशोबात धरला नाही, तर काटकसर पाण्यात होते आणि महागाचा स्लॅब कच्चा राहतो.

पण ज्या रकान्याला काहीच किंमत लावलेली नसते, तो सर्वांत महत्त्वाचा असतो. तो आहे वजनाचा. माळवदावर दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर चढतो आणि जुना तसाच राहतो. आपल्या खोलीवर मातीची जाडी एक फूट झाली, की ३०० घनफूट मातीचे वजन भरते साडेतेरा टनांच्या आसपास. ती पावसाने भिजली की आणखी जड होते. ५ इंचांचा स्लॅब सुमारे पावणेनऊ टनांचा असतो. पत्रे मात्र दीडशे किलोग्रॅमच्या आसपास.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. शेजारच्या लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे न्यूटनचे सूत्र आठवा. जमीन गुरुत्वत्वरणाच्या केवळ एक दशांश त्वरणाने आडवी हलली, तरी आपल्या मातीच्या छताचा धक्का सव्वा टनाहून अधिक वजनाइतका असेल. पत्र्यांचा पंधरा किलोग्रॅमइतका.

मग सर्वांनी पत्रेच घालावेत का? तसे नाही. मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही. माळवद मात्र थंड राहते. वादळात पत्रे उडू नयेत म्हणून ते हुकांनी पक्के कसावे लागतात. स्लॅब घालायचा, तर मातीतील जुनी दगडी भिंत तो पेलेल काय, हे अभियंत्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. माळवदच ठेवायचे असेल, तर जुने थर काढणे हा स्वस्तातला उपाय आहे. सहा इंच माती उतरवली, तर जवळजवळ सात टन भार कमी होतो आणि खर्च येतो तो बहुतेक मजुरीचाच. उरलेल्या थराखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, तर पाणी झिरपत नाही. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात नव्या घरांबरोबर जुन्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरणही हाती घेतले होते, ते याच विचाराने.

आता तुमचे काम. आपल्या घराच्या किंवा शाळेच्या एका खोलीचे छत मोजा. त्याचे परिमाण, वजन व पाणी काढा आणि दर शेवटी लिहा. माळवद असेल, तर वर चढण्याआधी मोठ्या माणसांना सांगा आणि कडेलाच मातीची जाडी मोजा. तो आकडा घरातील वडीलधाऱ्यांना दाखवा. कदाचित यंदाची माती वर चढण्याऐवजी खाली उतरेल.