गाभ्यात काय, गाभ्याबाहेर काय

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या लघुउद्योगांत ‘जॉबवर्क’ हा रोजचा शब्द. पत्रा एका शेडमध्ये कापला जातो, दुसरीकडे वाकवला जातो, तिसरीकडे त्याचं प्लेटिंग होतं. जाताना चलन, आणि जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे कच्चा माल वर्षभरात परत आल्याची नोंद. हा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी एकत्र येतात. माल बाहेर देऊन काम करून घेणं जगात कुठेही चालतं; मालाच्या वाहतुकीसाठीचं ई-वे बिल मात्र भारतापुरतं. दोन्ही सॉफ्टवेअरच्या एकाच गाभ्यात, म्हणजे सगळ्यांना मिळणाऱ्या मूळ भागात, ठेवायचं का? ओपन सोर्समधल्या या जुन्या वादाचं एक चांगलं उत्तर मुंबईत दिलं गेलं.

रुशभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या फ्रापे कंपनीची मुळं घरच्या फर्निचर व्यवसायासाठी प्रणाली उभारण्याच्या खटपटीत आहेत. त्यातून ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचा कारभार सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर घडलं आणि त्याच्या खालचा पाया ‘फ्रापे फ्रेमवर्क’ म्हणून वेगळा झाला. पुढे ईआरपीनेक्स्टमध्ये पगार, रजा, शाळांचे प्रवेश, दवाखाने, शेती असं सगळंच येत गेलं. २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीत प्रवास उलटा झाला. पगार आणि रजा ‘फ्रापे एचआर’मध्ये गेल्या, शिक्षण, आरोग्य आणि शेती यांची स्वतंत्र ॲप झाली, भारताच्या जीएसटीचा कोड ‘इंडिया कम्प्लायन्स’ या ॲपमध्ये हलला. त्याच आवृत्तीत बाहेरून काम करून घेण्याच्या व्यवहारांसाठी मूळ प्रणालीतच स्वतंत्र विभाग आला. वर्कशॉपला दोन्ही तितकेच गरजेचे, तरी एक आत आला आणि दुसरा बाहेर गेला.

कारण वेळापत्रकात आहे. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना होती. ती मर्यादा १००, ५०, २०, १० अशी उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. अशा अधिसूचनांच्या मागे साऱ्या जगाची प्रणाली धावू शकत नाही, आणि व्यापाऱ्यालाही पुढच्या मोठ्या आवृत्तीची वाट पाहता येत नाही.

जँगो या पायथन भाषेतल्या ओपन सोर्स वेब फ्रेमवर्कला हे आधीच उमगलं होतं. देशोदेशींचे पिनकोड, राज्यांच्या याद्या सांभाळणारा ‘लोकलफ्लेवर’ हा भाग २०१३ मध्ये गाभ्यातून बाहेर पडला. त्यात भारताची राज्यंही होती. पुढच्याच वर्षी, २ जून २०१४ ला, तेलंगण जन्माला आलं! मराठवाड्यात २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. राजपत्रानं बदलणारी माहिती फ्रेमवर्कच्या पोटात असू नये, हे इथल्या वाचकाला वेगळं पटवावं लागणार नाही.

मग आत काय घ्यावं? जँगोचे एक विकसक अँड्र्यू गॉडविन यांची दोन कामं शेजारी ठेवली की उत्तर दिसतं. डेटाबेसची रचना टप्प्याटप्प्यानं बदलणारं त्यांचं ‘साउथ’ हे पॅकेज अनेक वर्षं बाहेर वापरलं गेलं. त्याच्या उणिवा कळल्यावर, लोकवर्गणीच्या बळावर ते नव्यानं लिहून २०१४ च्या जँगो १.७ मध्ये आणलं गेलं. जवळपास प्रत्येक प्रकल्पाला ते लागत होतं. वेबसॉकेटसाठीचं, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या जोडणीसाठीचं, त्यांचं ‘चॅनल्स’ मात्र २०१६ मध्ये जँगो १.१० च्या गाभ्यात गेलं नाही. जँगोचाच अधिकृत, पण वेगळा प्रकल्प झालं. नंतर त्यातली कल्पना झिरपत आली: २०१९ मध्ये ३.० ला एएसजीआय या असिंक सर्व्हरसाठीच्या मानकाचा आधार मिळाला, २०२० मध्ये ३.१ मध्ये असिंक व्ह्यू आले. घाई टळली, म्हणून आत आलेला भाग लहान आणि पक्का राहिला.

बाहेर ठेवण्याची किंमतही खरी आहे. छोट्या कारखान्यात संगणकाचं सगळं पाहणारा माणूस बहुधा एकच. पूर्वी आयतं मिळणारं पगारपत्रक आता वेगळं ॲप बसवून घ्यायचं, आवृत्त्या जुळवायच्या, हा भार त्याच्यावर येतो. म्हणून गाभ्यानं काहीही बाहेर काढताना जोडणीची जागा नीट ठेवलीच पाहिजे. फ्रापेत ती ‘हुक्स’ची आहे: बिल जतन होताना आपला कोड चालवा, असं बाहेरचं ॲप सांगू शकतं आणि मूळ फाइलला हात लावावा लागत नाही.

डिसेंबर २०२५ च्या जँगो ६.० नं हीच दिशा धरली. पार्श्वभूमीला चालणाऱ्या कामांसाठी त्यात प्रथमच सामायिक रचना आली. काम कसं नोंदवायचं हे गाभ्यात ठरतं. प्रत्यक्ष काम उरकणारा वर्कर ज्यानं त्यानं बाहेरून निवडायचा.