राहुकाल : घड्याळातला आणि आकाशातला

चेन्नई शहरात त्यागराय नगर नावाचा एक भाग आहे. लोक त्याला टी. नगर ह्याच नावाने ओळखतात. इ. स. १९२०च्या दशकात एक विस्तीर्ण तलाव बुजवून ही वस्ती वसविण्यात आली आणि जस्टिस पक्षाचे पुढारी सर त्यागराय चेट्टी ह्यांचे नाव तिला देण्यात आले. पनगल पार्कच्या भोवतालचे रस्ते, उस्मान रोड, पाँडी बाजार आणि माम्बलम स्थानकालगतची रंगनाथन गल्ली येथे रेशमी वस्त्रे व सोन्याचे दागिने ह्यांचा प्रचंड व्यापार चालतो. ह्या बाजारातील दुकानांच्या भिंतींवर एक वस्तू हमखास आढळते. ती म्हणजे रोज एक पान फाडावयाची दिनदर्शिका. त्या पानावर तारखेच्या जोडीला राहुकाल, यमगंडम्, कुळिगै आणि 'नल्ल नेरम्' म्हणजे शुभ वेळ, इतक्या गोष्टी छापलेल्या असतात. गिऱ्हाईक दागिना पसंत करते, भाव ठरतो. पण पैसे मात्र राहुकाल उलटल्यावर दिले जातात. नव्या वाहनाची किल्ली, घराचा करार, मुलाचा शाळाप्रवेश, प्रवासाचा प्रारंभ ह्या सर्वांना ते लहानसे पान वेळ नेमून देते.

लक्षावधी माणसांच्या दिनक्रमावर ज्याची सत्ता चालते, तो हा राहुकाल आहे तरी काय? तो आकाशात घडतो की कागदावर?

राहुकालाचे गणित

राहुकाल काढण्याची रीत सोपी आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे आठ समान भाग करावयाचे. त्यांपैकी रविवारी आठवा, सोमवारी दुसरा, मंगळवारी सातवा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, शुक्रवारी चौथा आणि शनिवारी तिसरा भाग हा राहुकाल होय. सूर्य सहाला उगवतो व सहाला मावळतो असे धरले, म्हणजे प्रत्येक भाग दीड तासाचा होतो. म्हणून सोमवारी साडेसात ते नऊ, शुक्रवारी साडेदहा ते बारा, रविवारी साडेचार ते सहा असे ठराविक कोष्टक तयार होते. दिवसाचा पहिला भाग राहूच्या वाट्याला कोणत्याच वारी येत नाही.

आता खगोलशास्त्रातील राहू पाहावा. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. हे दोन मार्ग एकमेकांना जेथे छेदतात, त्या दोन बिंदूंना आपल्याकडे राहू आणि केतू अशी नावे आहेत. ते बिंदू स्थिर नाहीत. ते उलट्या दिशेने सरकत सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. ग्रहणे होतात ती सूर्य आणि चंद्र ह्या बिंदूंच्या आसपास आले असतानाच. प्राचीन गणितज्ञांना हे ठाऊक होते व त्यावरून ते ग्रहणांचे भाकीत करीत असत.

परंतु राहुकालाच्या गणितात हा राहू कोठेच येत नाही. तो आज मीन राशीत असो वा सिंहेत, सोमवारचा राहुकाल दुसऱ्याच भागात पडतो. ज्याच्या नावाने ही वेळ ओळखली जाते, त्याच्या स्थानाची तिला गरज नाही. तिला गरज आहे ती केवळ वाराची.

आणि वार ही तर माणसाने घडविलेली मोजणी आहे. दिवसाचे २४ तास करून प्रत्येक तासाला शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र ह्या क्रमाने एकेक अधिपती द्यावयाचा. पहिल्या तासाचा जो अधिपती, त्याचे नाव दिवसाला मिळते. २४ला ७ने भागल्यास ३ उरतात, म्हणून दर दिवशी तीन ग्रह ओलांडून चौथ्याचे नाव येते. शनिवारनंतर रविवार, त्यानंतर सोमवार हा क्रम त्यातूनच निघाला. तासाला असलेला 'होरा' हा शब्द ग्रीक आहे. भारतात वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना कालनिर्देशित पुरावा म्हणजे मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताचा शिलालेख, तो इ. स. ४८४ मधील आहे. चंद्राची कला आकाशात दिसते, सूर्याचे अयन दिसते. आज गुरुवार आहे हे मात्र कितीही मोठ्या दुर्बिणीतून दिसणार नाही.

घड्याळ बदलले, ग्रह बदलले नाहीत

दिवस बरोबर बारा तासांचा असतो, हे गृहीतही तपासून पाहावे. चेन्नईसारख्या विषुववृत्ताजवळच्या शहरातसुद्धा दिवसमान डिसेंबरात सुमारे ११ तास २० मिनिटे, तर जूनमध्ये सुमारे १२ तास ५३ मिनिटे असते. २१ जूनच्या सुमारास तेथे सूर्य ६ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास मावळतो. त्या वेळचा रविवार धरला, तर राहुकाल सायंकाळी सुमारे ५ ते ६-३७ असा येतो. भिंतीवरचे कोष्टक मात्र साडेचार ते सहा असेच सांगते. त्याच दिवशी मुंबईत सूर्यास्त सुमारे ७-१८ला होतो आणि शेवटचा अष्टमांश ५-३९च्या सुमारास सुरू होतो. म्हणजे छापील दीड तासांपैकी जेमतेम २० मिनिटे शास्त्रोक्त राहुकालात पडतात. काटेकोर पंचांगकर्ते स्थानिक सूर्योदयावरून गणित करतात हे खरे. पण बाजारात सर्रास पाळले जाते ते ठराविक कोष्टकच.

शिवाय घड्याळाचाही एक इतिहास आहे. पूर्वी मद्रासची स्वतःची वेळ होती. टी. नगरच्या उत्तरेस नुंगम्बाक्कम येथे इ. स. १७९२ मध्ये उभारलेल्या वेधशाळेवरून ती ठरत असे. इ. स. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ अमलात आली आणि तिने मद्रासवेळेला सुमारे ९ मिनिटे मागे टाकले. राहुकाल आकाशात असता, तर घड्याळाच्या काट्याबरोबर तो सरकला नसता. जे नऊ मिनिटे सहज सरकते, ते आकाशाचे नव्हे, माणसाच्या सोयीचे असते.

एक शनि, दोन तारखा

राहुकालापेक्षा पंचांग ही अर्थातच फार गंभीर व विद्वत्तेची वस्तू आहे. तमिळनाडूत दोन परंपरांची पंचांगे चालतात. पहिली 'वाक्य' परंपरा. हिच्यात चंद्राची स्थाने अक्षरसंकेताने रचलेल्या २४८ लहान वाक्यांत पाठ करून ठेवलेली असतात. चंद्र आपल्या कक्षेतील समीप बिंदूपासून निघून पुन्हा तेथे येण्याची आवर्तने ९ वेळा करतो, तेव्हा जवळजवळ २४८ दिवस होतात; ह्या आकड्यातील चातुर्य त्यात आहे. लेखणीवाचून ग्रहगणित करण्याची ही पद्धत खरोखर कौतुकास्पद होय. परंतु जुन्या ध्रुवांकांतील सूक्ष्म चूक शतकानुशतके साठत जाते. दुसरी परंपरा 'तिरुक्कणित' म्हणजे दृग्गणिताची. ती प्रत्यक्ष वेधांशी जुळणारी आधुनिक गणिते वापरते.

ह्या दोहोंतील अंतर इ. स. २०२३ मध्ये सर्वांच्या प्रत्ययास आले. दृग्गणितानुसार शनीने कुंभ राशीत प्रवेश केला तो १७ जानेवारी २०२३ रोजी. कारैकलजवळील तिरुनळ्ळार हे शनीचे प्रसिद्ध क्षेत्र वाक्य पंचांग मानते. तेथे हाच प्रवेश २० डिसेंबर २०२३ रोजी साजरा झाला. अंतर अकरा महिन्यांचे. ह्या अकरा महिन्यांत एका पंचांगाने ज्याची साडेसाती संपविली, त्याला दुसऱ्याने तिच्यात अडकवून ठेवले. शनि एकच होता आणि आपल्या वाटेने चालला होता.

ही विसंगती प्रथम विदेशी टीकाकारांनी दाखवून दिली असे नव्हे. नुंगम्बाक्कमच्या वेधशाळेत काम करणारे चिंतामणी रघुनाथाचारी ह्यांनी इ. स. १८६७ मध्ये एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला. वेधांशी जुळणारे दृग्गणित पंचांग त्यांनी प्रसिद्ध केले आणि इ. स. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयी सामान्य जनांसाठी पुस्तिका लिहिली. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी त्याच काळात पटवर्धनी पंचांगाच्या रूपाने तसाच प्रयत्न केला. स्वातंत्र्यानंतर इ. स. १९५२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. धर्माचरणाविषयी अनादर न बाळगताही आकाशाविषयी खरे बोलता येते, हे ह्या सर्वांनी दाखवून दिले.

बाजाराचे मुहूर्त

शुभाशुभ हे प्रदेशाबरोबर बदलते. महाराष्ट्रात अमावास्येला, लक्ष्मीपूजनाचा अपवाद सोडल्यास, नवे काम सुरू करीत नाहीत. तमिळनाडूत अनेकजण अमावास्येलाच चांगला दिवस मानून कार्यारंभ करतात. राहुकाल सर्व कामांना वर्ज्य. पण मंगळवारी व शुक्रवारी त्याच वेळी स्त्रिया दुर्गेच्या देवळात लिंबू पिळून, साल उलटी करून, तिच्यात तूप-वात घालून दिवे लावतात. आडि महिना, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ, विवाहास अयोग्य. त्यामुळे गिऱ्हाईक ओसरते, म्हणून टी. नगरातील वस्त्रभांडारे नेमकी त्याच महिन्यात घसघशीत सूट देतात आणि अशुभ महिना खरेदीचा महिना होतो! अक्षय्यतृतीयेला तर सोन्याच्या पेढ्या पहाटेपासून उघड्या असतात. दृष्ट लागू नये म्हणून दुकानासमोर कुंकू भरलेला कोहळा फोडतात. त्याच्या गरावरून दुचाकी घसरण्याचा धोका मात्र खराखुरा असतो.

ह्या चालीरीतींत दिलासा आहे, उत्सव आहे, शेजारधर्म आहे. दिवा लावल्याने मन शांत होते, हे नाकारण्याचे शास्त्राला कारण नाही. प्रश्न उद्भवतो तो माणसाच्या भवितव्याचा निर्णय कोष्टकावर सोपविला जातो तेव्हा.

मंगळ कोणाला?

विवाहाच्या वेळी पाहिला जाणारा मंगळदोष घ्यावा. तमिळमध्ये त्याला 'सेव्वाय दोषम्' म्हणतात. महाराष्ट्रातील प्रचलित नियमानुसार पत्रिकेच्या १, ४, ७, ८ किंवा १२ ह्या स्थानी मंगळ असल्यास तो दोष मानतात. दक्षिणेतील अनेक ज्योतिषी पहिल्याऐवजी दुसरे स्थान धरतात. म्हणजे पहिल्या स्थानी मंगळ असलेली मुलगी पुण्यात सदोष आणि चेन्नईत निर्दोष ठरू शकते. दोन्हीकडे बारांपैकी पाच स्थाने दोषाची असल्याने शंभरांतील सुमारे ४२ जणांना मंगळ असणारच. दक्षिणेच्या रीतीप्रमाणे लग्नाबरोबर चंद्र आणि शुक्र ह्यांच्यापासूनही स्थान मोजले, तर साध्या संभवगणिताने हे प्रमाण शंभरांत ८०च्या आसपास जाते. पाचांपैकी चौघांना जो दोष आहे, त्याला दोष म्हणावयाचे की नियम? म्हणूनच त्याला अनेक 'परिहार' जोडावे लागले. तरीही हे गणित न मांडल्यामुळे कितीतरी शहाण्या, कर्तृत्ववान मुलींची स्थळे मोडतात आणि घरोघर वर्षानुवर्षांचे दुःख मुक्कामाला येते.

पत्रिकेवरून माणसाविषयी काही कळते का, हे तपासूनही पाहण्यात आले आहे. इ. स. २००८ मध्ये पुणे येथे जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे ह्यांनी १०० बुद्धिमान आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविल्या. नावे गुप्त ठेवून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या व कोणती पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच विचारले. ५१ जणांनी पत्रिका मागविल्या. २७ जणांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के भरले. नाणे उडवून उत्तर दिले असते, तर ५० टक्क्यांची अपेक्षा होती.

मग भाकिते खरी का वाटतात? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर ह्यांनी इ. स. १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या स्वभावाचे वर्णन' म्हणून एकेक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर उघड झाले की सर्वांना एकच मजकूर मिळाला होता, आणि तो बाजारातील एका ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. मोघम शब्दांत माणूस स्वतःला पाहतो. जुळलेले लक्षात ठेवतो, न जुळलेले विसरतो.

दुखणे आले असता तर हा विसर जिवावर बेततो. इ. स. १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय ह्यांविषयीचा कायदा ताईत, मंत्र व कवच ह्यांनी ठराविक रोग बरे होतात अशी जाहिरात करण्यास मनाई करतो. छातीत कळ आली असता शुभ वेळेची वाट पाहू नये, हे सांगण्यास मात्र कायदा पुरा पडत नाही. तेथे घरातील एखाद्या विचारी माणसाचा शब्दच उपयोगी पडतो.

ज्यांचा राहुकालावर विश्वास आहे, त्यांना एक सोपा प्रयोग करता येईल. एका वहीत वर्षभर आपली सर्व लहानमोठी कामे लिहून ठेवावी : प्रारंभाची वेळ, ती राहुकालात होती किंवा नाही, आणि शेवट कसा झाला. फसलेले काम जसे टिपावे, तसे पार पडलेलेही टिपावे. टी. नगरच्या माम्बलम स्थानकातून धावणाऱ्या लोकलगाड्या राहुकालातही वेळेवर सुटतात आणि हजारो माणसांना सुखरूप घरी पोहोचवितात, हीही नोंद त्या वहीत करावी. वर्षाअखेर त्या वहीतील बेरीज जे सांगेल, ते कोणाच्याही सांगण्यापेक्षा अधिक विश्वसनीय असेल.