गाडी सापडते, कंपनी सापडत नाही

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ कंटेनर पुढच्या वाहनांवर आदळला, आग लागली, माणसं होरपळून गेली. पुढे कितीतरी दिवस चर्चा झाली ती तिथल्या उताराची. उतार धोक्याचाच आहे, त्यात वाद नाही. पण त्याच सुमारास चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघणाऱ्या ओळखीच्या मुलाचा मला फोन आला. “काका, नवा ट्रान्सपोर्टर लावतोय. रेट कमी आहे. पण याच्या गाड्यांचे आधी अपघात झालेत का, ते कुठे बघायचं?” सोबत त्याने एमपरिवहन ॲपचा फोटो पाठवला होता. नंबर, पासिंगची मुदत, विमा, परमिट, सगळं चोख. मालकाच्या नावाच्या जागी मात्र दोन-चार अक्षरं आणि बाकी फुल्या.

त्या फुल्या मला झोंबल्या. मालकाचं नाव उघड दिसत होतं ते दिवस मी याच कामाच्या टेबलावर काढले आहेत.

त्याआधीच्या काळाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. १९३९चा मोटार कायदा जाऊन १९८८चा आला, नंबरांच्या आधी एमएच लागलं, ओव्हरलोडवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यांना फटकारलं. गाडीची नोंद आरटीओच्या कपाटात असायची आणि खरी माहिती हुंडेकऱ्याच्या डोक्यात. कुणाचे टायर रिमोल्डचे, कुणाचा ड्रायव्हर रात्री पितो, हे त्याला पाठ असे. पण तो सांगायचा ते स्वतःचं कमिशन सांभाळून.

खरा बदल २०१० नंतरच्या दशकात झाला. मे २०१० मध्ये नॅशनल परमिटची नवी पद्धत आली. राज्याराज्यांचे डिमांड ड्राफ्ट गेले आणि वर्षाला १५ हजार भरले की देशभर गाडी फिरवायची मुभा मिळाली. नागालँडचं तोंडही न पाहिलेल्या एनएल नंबरच्या गाड्या आमच्या गेटवर दिसू लागल्या, कारण तिथे नोंदणी स्वस्त आणि सोपी. आणि त्याच दशकात ‘वाहन’ प्रणालीची एसएमएस सेवा सुरू झाली. ‘वाहन’ लिहायचं, जागा सोडून गाडीचा नंबर टाकायचा, पाठवायचं. उत्तरात मालकाचं नाव, फिटनेस कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत. साध्या बटणाच्या फोनवर! आरटीओत खेटे घालूनही जे मिळत नसे, ते चहा निवायच्या आत हातात.

मी गेटवरच गाडी थांबवून मेसेज करायचो. मग ड्रायव्हरकडून आरसी घ्यायची, बिल्टीवरचं नाव बघायचं, बोनेटखाली किंवा चाकामागे चासिसवर कोरलेल्या नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल फिरवायची. कागदावर आकडे पांढरे उमटत. ते आरसीशी जुळले नाहीत की गाडी परत. मालकाचं नाव ट्रान्सपोर्टरच्या यादीत नसलं, तर ती मार्केटची गाडी, म्हणजे आपल्याशी करार एकाचा आणि माल भलत्याच्याच गाडीत. असली गाडी परत पाठवली की खरेदी खात्याचा फोन यायचा: लोडिंग का थांबवलं, पार्टी ओरडतेय, किलोमागे एवढे पैसे वाचतायत. त्या खात्याला तेव्हाही बोललो होतो, आज पुन्हा सांगतो. रेटचा कागद फायलीला लावणाऱ्याने अपघाताचा कागदही लावायला हवा होता.

एकदा मी रजेवर असताना अशीच मार्केटची गाडी भरली गेली. खंबाटकी घाटात तिचे ब्रेक गेले, क्लीनर पोरगा दगावला. पासिंग होऊन महिनाही झाला नव्हता. ट्रान्सपोर्टरने हात वर केले: गाडी आमची नाही. हा त्याचा पहिलाच अपघात नव्हता, हे नंतर अड्ड्यावर कळलं. लेखी कुठेच नाही.

महिन्याभरापूर्वी पास झालेल्या गाडीचे ब्रेक जातात कसे, याचं उत्तर पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेतून मिळालं. ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक लागतो, आणि कित्येक आरटीओंकडे तो नव्हताच. तरी फिटनेसचे दाखले निघत होते. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला धारेवर धरलं, ट्रॅक नसलेल्या ठिकाणी पासिंग बंद करायला लावलं. त्या माणसाचे उपकार रस्त्यावरच्या प्रत्येकाने मानावेत. एजंटच्या पिशवीतून होणारं पासिंग थोडं तरी थांबलं ते त्यांच्यामुळे.

मग मालकाचं नाव झाकलं गेलं. कारण सांगतात खासगीपणाचं. २०१९ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं होतं की वाहन आणि परवान्यांची माहिती खासगी कंपन्यांना देऊन सरकारला ६५ कोटी मिळाले. गैरवापराची ओरड झाली, २०२० मध्ये ते धोरण मागे घेतलं, ते योग्यच झालं. पण गठ्ठ्याने माहिती विकणं वेगळं आणि माल भरण्याआधी गाडी कुणाची हे विचारणं वेगळं. शिक्षा मात्र विचारणाऱ्याला झाली.

अमेरिकेत ट्रकच्या दारावर यूएसडीओटी क्रमांक असतो. तो टाकला की कंपनीचं नाव, ताफा किती, तपासणीत किती गाड्या जागीच थांबवल्या, मागच्या २४ महिन्यांत किती अपघात, हे कुणालाही दिसतं. आपल्याकडेही त्याचा पाया घातलेला आहे. १ मार्च २०११ पासून लागू झालेल्या कॅरेज बाय रोड कायद्याने मालवाहतूकदार कंपनीला कॉमन कॅरियर म्हणून नोंदणी सक्तीची केली. नोंदणी दहा वर्षांची, दरवर्षी विवरणपत्र, ठरलेल्या वजनाबाहेर माल भरायला बंदी, आणि नोंदणी रद्द करण्याचीही सोय. पंधरा वर्षं होत आली, पण गेटवर हे प्रमाणपत्र मागणारा डिस्पॅचवाला मला क्वचितच भेटला, आणि न मागता ते दाखवणारा ट्रान्सपोर्टर तर नाहीच.

जीएसटीच्या ई-वे बिलावर २०१८ पासून ट्रान्सपोर्टरचा आयडी आणि गाडीचा नंबर शेजारी-शेजारी असतो. कुठली गाडी कुणासाठी धावली हे सरकारला कराच्या कामासाठी पक्कं ठाऊक आहे. पोलीस अपघात ई-डार या ऑनलाइन प्रणालीवर नोंदवतात, तिथेही गाडीचा नंबर आहे. पासिंग ‘वाहन’मध्ये आहे. हे तिन्ही जोडून कॉमन कॅरियरच्या क्रमांकाखाली दाखवा, एवढंच मागणं आहे. मालकाच्या घरचा पत्ता, फोन झाका. ट्रान्सपोर्ट कंपनीचं नाव झाकायचं कारण मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.