शिवारातली बारीक दुनिया : बारा महिने बघा, मगच फवारा

आपल्याकडे फिरायला जाणे म्हणजे पंढरीची वारी, जोतिबा, तुळजापूर, नाहीतर पाहुण्यारावळ्यांकडचे लग्न. नुसते बघायला म्हणून सहसा कोणी उंबरा ओलांडत नाही. पण आपला सातारा जिल्हा असा आहे, की एका दिवसात दोन मुलूख बघून संध्याकाळी धारेला घरी परत येता येते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास. जमीन बदलते, पीक बदलते, गवत बदलते आणि त्यावर बसणारा किडाही बदलतो.

हे सारे जवळून बघण्याचा एक छंद आज सांगायचा आहे. त्याला मॅक्रो फोटोग्राफी म्हणतात. म्हणजे काय, तर तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू तळहाताएवढी दिसेल असा जवळून फोटो काढणे. हा छंद पूर्वी महागड्या कॅमेऱ्यांचा होता. आता खिशातल्या मोबाईलवर तो भागतो. 'आम्हाला कुठे सवड आहे साहेब' असे म्हणण्याआधी पुढचे वाचा. या छंदात करमणूक आहेच, शिवाय औषधाचा खर्चही वाचतो.

हत्यारे थोडी, हातोटी जास्त

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिमट्यासारखे बसणारे छोटे भिंग मोबाईलच्या दुकानात मिळते. ते नसेल तर दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग कॅमेऱ्यासमोर धरले तरी काम होते. खरी गोष्ट आहे ती हात स्थिर ठेवण्याची. इतक्या जवळून फोटो काढताना केसभर हलले तरी चित्र पुसट येते. म्हणून गुडघा टेकून बसा, कोपर मांडीवर टेकवा, ज्या पानावर किडा आहे त्याचे टोक डाव्या हाताने हलकेच धरा आणि श्वास रोखून बटण दाबा. एक फोटो काढून थांबू नका. दहा काढा, त्यातला एक चांगला निघतो.

वेळ सकाळची, दव असेपर्यंतची. किडा रात्रीच्या गारव्याने जड झालेला असतो, उडत नाही. ऊन कोवळे असते, सावल्या काळ्याकुट्ट पडत नाहीत. दुपारीच जायचे झाले तर छत्री किंवा टॉवेलची सावली करा. वरून काढण्यापेक्षा किड्याच्या डोळ्याच्या पातळीवर खाली उतरा. म्हणजे पाय, मिशा, तोंड सगळे दिसते. शेजारी मोजपट्टी किंवा एक रुपयाचे नाणे ठेवून एक जादा फोटो काढा. किडा केवढा आहे, हे त्यावरून कळते.

दोन पथ्ये पाळा. गवतात बसण्यापूर्वी काठीने आपटून घ्या आणि पायात बूट घाला, विंचूकाट्याचे भय असते. ज्या शेतात नुकते औषध मारले आहे तिथे शिरू नका.

मृग ते आश्लेषा

सुरुवात वळवाच्या पावसाने करा. पहिला दमदार वळीव झाला की दिवस मावळताना बांधावरच्या कडुलिंब-बाभळीखाली बॅटरी घेऊन उभे राहा. तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून झाडावर पाला खायला जमतात. हीच हुमणीची आई. एक मादी ५० ते ६० अंडी घालते. उसाच्या आणि भुईमुगाच्या मुळ्या खाणारी, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी त्यातूनच निघते. फोटो काढा आणि मग फांदी हलवून, पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हे काम गावाने मिळून केले तरच उपयोग होतो. एकट्याने केले तर शेजारच्या बांधावरचे भुंगेरे आपल्याकडे येतात.

मृग निघाला की ओल्या मातीवर लाल मखमलीचा ठिपका चालताना दिसतो. तो मृगाचा किडा. भिंगातून त्याचे पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे हा किडा नव्हेच, कोळ्याच्या गोतातला. त्याची पिल्ले नाकतोड्याच्या अंगाला चिकटून त्याचा रस पितात आणि मोठा झाल्यावर तो इतर किडींची अंडी खातो. पोरांना तो डबीत कोंडायला देऊ नका. तो बिनपगारी राखणदार आहे.

पुढे मका गुडघ्याला लागतो. २०१८ साली आपल्या देशात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी आता सर्वांच्या ओळखीची झाली आहे. तरी अजून अनेक जण पोंग्यात कोणतीही अळी दिसली की तिलाच लष्करी समजतात. फोटो मोठा करून बघा. डोक्यावर इंग्रजी 'वाय' उलटा काढल्यासारखी फिकट खूण आणि शेपटीकडच्या भागात चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके असतील तर ती लष्करी. अळी लहान असते तेव्हा हे ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. नेमक्या त्याच वयात तिचा बंदोबस्त स्वस्तात होतो. अळी मोठी होऊन पोंग्यात खोल शिरली आणि वर भुश्शासारखी विष्ठा साचली, की औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही.

भाद्रपदात कासची वाट

पेरणी, कोळपणी, भांगलण उरकली की एक दिवस काढा आणि कासला जा. साताऱ्यापासून जेमतेम २५ किलोमीटर. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या निवडक जागांना जागतिक वारशात घेतले, त्यात कासचे पठार आहे. परमुलखातून माणसे येतात आणि आपण शेजारी असून गेलेलो नसतो.

मोठमोठे रंगीत गालिचे बघायला सगळेच जातात. तुम्ही भिंग घेऊन जमिनीजवळ बघा. निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांच्या मुळाशी, ओल्या मातीत बारीक फुगे असतात. त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जाऊन अडकतात. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती आहे. तिच्या पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो. चिलट त्यावर बसले की गेले. वनस्पतीने मांस का खावे? उत्तर शेतकऱ्याला पटकन कळेल. खाली जांभा खडक, वर मातीचा पातळ थर, पावसाने धुऊन गेलेला. नत्र नावाला. आपण युरियाचे पोते आणतो, ती बिचारी चिलटे धरून नत्राची गरज भागवते! तळ्याडबक्यांत वायतुऱ्याचा तुरा दिसेल. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

मात्र फोटोसाठी फुलात लोळू नका. आखलेल्या वाटेवरूनच चाला. एका बुटाखाली किती रोपे जातात, हे आपल्या पेरलेल्या वाफ्यातून कोणी चालले की आपल्याला चांगले कळते.

रब्बीत खरी परीक्षा

दिवाळीनंतरची सकाळ या छंदाला सर्वांत चांगली. दव भरपूर, वारा कमी.

माणमधल्या एका गावात शाळूवर चिकटा पडला होता. पाने तेलकट, पोंग्यात मावा. एका शेतकरी काकांनी मोबाईलवर फोटो पाठवला आणि विचारले, "साहेब, मावा तर हायेच, पण त्यात ह्या काळ्या अळ्या पडल्यात. दोन्हीला मिळून एकच जालीम औषध सांगा." फोटो बरा होता, मोठा करून बघता आला. काळी, अंगावर नारिंगी ठिपके, सुसरीच्या पिल्लासारखी लांबट अळी आणि तिच्या तोंडात अर्धा खाल्लेला मावा! ती ढालकिड्याची अळी. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो, त्याचे पोर कोणी ओळखत नाही. एक ढालकिडा दिवसाला पन्नासाच्या आसपास मावा खातो आणि त्याची अळी खाण्यात त्याच्या मागे नाही. काकांना आठ दिवस थांबायला सांगितले. ते म्हणाले, "थांबतो, पण पीक गेलं तर तुमच्या दारात येऊन बसंन." आठ दिवसांनी त्याच ताटांचे फोटो आले. माव्याच्या रिकाम्या कातडी उरल्या होत्या. पंप घरातच राहिला.

प्रत्येक वेळी असेच होईल असे नाही. किडीने नुकसानीची पातळी ओलांडली तर फवारणी करावीच लागते. पण ती करायची की नाही, हे बघून ठरवायचे असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले आणि शेकडो लोक दवाखान्यात पडले. म्हणून सांगतो, टाळता येणारी प्रत्येक फवारणी टाळा. त्यात पैसा वाचतो, मित्रकिडा वाचतो आणि पंप पाठीवर घेणारा माणूसही वाचतो.

रब्बीत आणखी काय शोधाल? पानावर केसासारख्या देठाच्या टोकाला खसखशीएवढे अंडे दिसले तर ते क्रायसोपाचे. पिल्ले एकमेकांना खाऊ नयेत म्हणून आईने अंडी अशी अधांतरी टांगलेली असतात. ही पिल्ले मावा आणि तुडतुडे खातात. माव्याच्या गर्दीत एखादा फुगलेला, तपकिरी, न हलणारा मावा दिसला तर त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशीचे पोर वाढते आहे असे समजा. हरभऱ्याच्या शेंड्याला घाटेअळी उलटी, लिबलिबीत होऊन लोंबत असेल तर तिला विषाणूचा रोग झाला आहे. हा रोग माणसाला किंवा जनावराला होत नाही, अळ्यांमध्ये मात्र पसरतो. घाटेअळीसाठी मीटरभर ओळीत एक ते दोन अळ्या ही पातळी धरतात. तेव्हा मोजून बघा, अंदाजाने पंप भरू नका.

उसाने शिकवलेला धडा

जुन्या बागायतदारांना २००२ साल आठवत असेल. सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर आणि कर्नाटकातही पसरला. पानाखाली कापूस पिंजल्यासारखी पांढरी लोकर आणि खालच्या पानांवर काजळी. उंच उसात शिरून पानाच्या खालच्या बाजूला औषध मारणे हे कोणाच्या आवाक्यातले काम नव्हते. शेवटी उपाय सापडला तो त्या लोकरीतच. तिथे डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा किडा मावा फस्त करत होते. मग डिफा असलेली पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन लावण्याची मोहीम निघाली आणि मावा आटोक्यात आला. लोकर दुरून बघणाऱ्याला फक्त रोग दिसला, जवळून बघणाऱ्याला औषधही दिसले. आजही उसात पांढरी लोकर दिसली तर आधी पान उलटून भिंगातून बघा.

फाल्गुन-चैत्रातला पाहुणा

उन्हाळ्यात शिवार ओसाड असते असे वाटते, पण कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट तेव्हाच गोंड्यावर असतात. सकाळी गोंड्याजवळ बसा आणि मधमाशीचा फोटो काढा. मागच्या पायांवर पिवळ्या परागाचे गोळे दिसतील. त्या गोळ्यांवर तुमच्या बियाण्याचा उतारा ठरतो. पीक फुलात असताना फवारणी टाळा. अगदीच नाइलाज असेल तर माशा परतल्यावर, संध्याकाळी करा.

याच दिवसांत महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला जाऊन या. २०२२ साली ते देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पेट्या कशा ठेवतात, फुलोरा कोणता, माशी कशी जपतात, हे बघून या आणि जमले तर दोन पेट्या आपल्या बांधावर आणा.

फोटोंची वही करा

नुसते फोटो काढून मोबाईल भरू नका. दर पंधरवड्याला एकाच शेतात, एकाच वाटेने फेरी मारा. तारीख, पीक, पिकाचे वय आणि किडा शेतात कोणत्या बाजूला दिसला एवढे चार शब्द लिहून ठेवा. दोन वर्षांची अशी वही झाली, की कोणती कीड तुमच्या शिवारात कोणत्या नक्षत्रात येते हे तुम्हीच सांगाल. अनोळखी किडा दिसला तर फोटो आधी गावच्या कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवा, दुकानात नंतर जा. दुकानदाराने नाव सांगितले तरी बाटली विकणे हा त्याचा धंदा आहे.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. गावातल्या पोरांकडे मोबाईल आहेतच. त्यांनी काढलेले मित्रकिडे आणि शत्रुकिडे यांचे फोटो मोठे छापून पंचायतीच्या आणि सोसायटीच्या भिंतीवर लावा, खाली मराठी नावे लिहा. खर्च थोडा आहे. ढालकिड्याच्या अळीचा फोटो सर्वांत वर लावा, कारण आपल्या हातून सर्वांत जास्त मरते ती तीच.