गाजराची कांजी : हिवाळ्यांतील एक उपयुक्त पेय

पौष-माघाच्या सुमारास गाजराचें पीक एकदमच निघूं लागतें, बाजारांत आवक वाढते आणि भाव उतरतो. सरळ व लालभडक गाजर व्यापारी उचलतो. वांकडें, दुभंगलेलें किंवा आंखूड गाजर बांधावर पडून राहतें व अखेर जनावरांपुढें जातें. जनावरांना तें मानवतें हें खरें. तथापि ज्या मालास पाणी, खत व मजुरी सारखीच लागली, त्याचा याहून बरा उपयोग घरच्या घरीं करतां येतो. पंजाब, दिल्ली व उत्तर प्रदेश या भागांत थंडीच्या दिवसांत केली जाणारी गाजराची कांजी हा तो उपयोग होय. ती कशी करावी, आणि कोणत्या चुकीनें बिघडते, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

आपल्याकडे कांजी म्हटली कीं तांदुळाची पेज किंवा कपड्यांची खळ डोळ्यांपुढें येते. उत्तरेकडील ही कांजी निराळी. काळीं गाजरें, मोहरी, मीठ व पाणी हीं एकत्र करून उन्हांत आंबविलेलें तें एक आंबट-तिखट, माणकासारख्या रंगाचें पेय आहे. तुर्कस्तानांतही अदाना शहराच्या आसपास काळ्या गाजरांपासून अशाच जातीचें आंबट पेय करतात.

मी हें पेय प्रथम नांदेड येथें एका शीख कुटुंबांत प्यालों, व कृति विचारून घेतली. घरीं येऊन घातलेली पहिली बरणी मात्र चार दिवसांत बुरसली, कारण मीठ मुठीनें टाकलें होतें. जमाबंदीच्या हिशेबांत ज्याचा जन्म गेला त्यानें मीठ अंदाजानें टाकावें, हें शोभण्यासारखें नव्हतें. दुसऱ्या खेपेस तराजू घेतला आणि बरणी साधली.

मिठाचें एवढें महत्त्व कां, तें पाहूं. गाजराच्या सालीवर नाना प्रकारचे सूक्ष्म जंतु मूळचेच असतात. त्यांतील कांहीं गाजर नासवितात, तर कांहीं गाजरांतील साखर खाऊन तिचें लॅक्टिक अम्ल बनवितात. दह्यास आंबटपणा ज्या अम्लानें येतो, तेंच हें अम्ल. मीठ योग्य असलें म्हणजे नासविणाऱ्या जंतूंची वाढ खुंटते आणि अम्ल करणाऱ्यांस मोकळें रान मिळतें. पुढें अम्ल वाढलें म्हणजे तेंच पेयाचें रक्षण करतें. मीठ कमी पडल्यास कुजण्याची भीति, आणि फार झाल्यास आंबण्याची क्रियाच मंदावते. पाणी व भाजी यांच्या एकंदर वजनाच्या शेंकडा २ हें मिठाचें प्रमाण सोयीचें होय.

प्रमाण असें घ्यावें : पाणी २ लिटर, गाजरें अर्धा किलो, मीठ ५० ग्रॅम, राई ४० ग्रॅम व लाल तिखट १ लहान चमचा. काळें गाजर न मिळाल्यास आपलें तांबडें गाजर चालतें; रंगासाठीं त्यांतील थोडें कमी करून त्याऐवजीं एक लहान बीट घालावें.

पाणी उकळून पूर्ण थंड होऊं द्यावें. गाजरें चोळून स्वच्छ धुवावीं, शेंडे-बुडखे काढावे व बोटाएवढे तुकडे करावे. राई कच्चीच जाडसर कुटावी, भाजूं नये. राईचा झणझणीतपणा ती कुटून पाण्यांत भिजल्यावरच उत्पन्न होतो, आणि तो उत्पन्न करणारें द्रव्य उष्णतेनें नष्ट होतें. म्हणून ती कढत पाण्यांतही टाकूं नये. हा झणझणीतपणा केवळ चवीचा नव्हे. बुरशीस आळा घालण्यासही तो साह्य करतो.

सर्व जिन्नस बरणींत घालून वर चार बोटें जागा रिकामी ठेवावी व तोंडास स्वच्छ फडकें बांधावें. दिवसा बरणी उन्हांत व रात्रीं घरांत ठेवावी. रोज एकदां कोरड्या लांकडी पळीनें ढवळावें, म्हणजे वर तरंगणारे तुकडे कोरडे पडत नाहींत. साधारणपणें ४ ते ६ दिवसांत कांजी तयार होते. थंडी कडक असल्यास आणखी दोन दिवस लागतात. हें काम हिवाळ्यांतच कां करावें, याचेंही उत्तर येथेंच आहे. गाजर गोड व ताजें याच दिवसांत मिळतें, आणि २० ते २५ अंश सेल्सियस उष्णमानांत आंबण्याची क्रिया बेतानें चालते. वैशाखाच्या उन्हांत ती एकदम वाढून गाजर लिबलिबीत होतें.

काळें गाजर वापरल्यास कांजी साधल्याची खूण रंगावरून कळते. त्याचें रंगद्रव्य अम्लांत लाल होतें; म्हणून प्रथम जांभळट दिसणारें पाणी आंबट होत जातांना माणकासारखें लाल होतें. बीटाच्या रंगांत हा पालट होत नाहीं. तेथें चवीवरच निर्णय करावा. पृष्ठभागावर पातळ पांढरी साय आल्यास ती काढून टाकावी. परंतु केंसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी, अथवा कुजकट वास आल्यास लोभ न धरतां सर्व बरणी ओतून द्यावी.

भांड्याविषयीं विशेष सावधगिरी बाळगावी. तांब्या-पितळेचें किंवा अ‍ॅल्युमिनियमचें भांडें यास मुळींच वापरूं नये, कारण अम्लानें धातु पेयांत उतरते. कल्हईवरही विसंबूं नये. कल्हई कोठें उडाली तें डोळ्यांस दिसत नाहीं. कांच किंवा चिनी मातीची बरणी हीच योग्य. कांजी तयार झाल्यावर शीतकपाटांत ठेवावी, व बाटलींत भरल्यास झांकण सैल ठेवावें. आंतील वायूनें घट्ट बाटली फुटण्याचा संभव असतो. खालीं राहिलेलीं गाजरें लोणच्याप्रमाणें जेवणांत घ्यावीं.

शहरांतून हल्लीं अनेक रस एकत्र करून 'कॉकटेल' नांवानें देतात. मद्याशिवाय तसें पेय करावयाचें असल्यास दोन भाग कांजींत एक भाग ताज्या संत्र्याचा रस, किंचित आल्याचा रस व जिरेपूड घालावी. संत्र्याचाही हंगाम जवळपास हाच असल्यानें तें सहज साधतें. मात्र हें मिश्रण पितेवेळींच करावें. बरणींत फळांचा रस, साखर किंवा गूळ पडल्यास यीस्टला खाद्य मिळून मद्यार्क होण्याचा संभव वाढतो, आणि निर्दोष पेयावर नसता आरोप येतो. कांजींत मीठ बरेंच असल्यानें रक्तदाबाच्या रोग्यानें ती वैद्यांस विचारूनच घ्यावी. इतरांनींही जेवणापूर्वीं एक लहान पेला घेणें पुरे.

ज्यांस काळें गाजर लावून पाहावयाचें आहे त्यांनीं प्रथम एकच वाफा करावा. लुधियाना येथील पंजाब कृषि विद्यापीठानें २०१३ मध्यें 'पंजाब ब्लॅक ब्यूटी' हें काळें वाण प्रसारित केलें; बियाणें खात्रीच्या ठिकाणाहूनच आणावें. कांजी विकण्याचा विचार असेल, तर अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याखालीं नोंदणी करून घ्यावी. ती टाळून केलेला धंदा पुढें महाग पडतो.

एका बरणीस लागतें अर्धा किलो गाजर, मूठभर राई आणि आठवडाभर ऊन. यंदा व्यापाऱ्यानें नाकारलेल्या ढिगांतून तेवढें गाजर बाजूस काढावें, मीठ तोलून घ्यावें व एक बरणी घालून पाहावी. ती साधली म्हणजे तो ढीग सगळाच जनावरांपुढें टाकण्यापूर्वीं कोणीही दोनदां विचार करील.